माझ्या पुढच्या खोलीची व भिंतीवरच्या खलनायकांची व्यवस्था

लिहून ठेवणार : सुनंदा मधुसूदन खळदकर, वय एकाहत्तर, व्यवसाय वकिली, राहणार नई सडकेच्या मागची गल्ली, लष्कर, ग्वाल्हेर.

मृत्युपत्राच्या सुरुवातीला आपण पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दबावाखाली नाही, असं लिहायची रीत आहे. दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांत हे वाक्य मी स्वतः इतक्यांदा घातलं की हात आपोआप तिकडे वळतो. शुद्धीत मी आहे. पण दबाव नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे, आणि काल तपासण्या करून घरी परतले तेव्हा माझ्या पुढच्या खोलीच्या फरशीवर, खिडकीपाशी, कोणीतरी खडूने चौकोन आखून ठेवलेला होता. म्हणून आज शनिवारी दार आतून लावून हे हाताने लिहिते आहे. बाहेर दोनदा कडी वाजली. उघडलेली नाही.

कलम पहिलं. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र नाही. जगाला मृत्युपत्र करा म्हणून सांगत फिरले आणि स्वतःचं राहून गेलं.

कलम दुसरं. वडिलांनी केलेल्या वाटणीप्रमाणे या घराचा खालचा मजला माझा आणि वरचा माझा धाकटा भाऊ यशोधन याचा. मागची खोली अंधारी आहे, स्वयंपाकघर चिंचोळं आहे. सगळं मोल पुढच्या खोलीचं. तिला रस्त्याकडे खिडकी आहे, ऊन आहे, आणि लागून न्हाणीघर आहे. तीच माझी वकिलीची बैठक आणि तेच माझं घर. तिथे काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी ‘अडगळ होती’ असं म्हणू नये.

भिंतीवर हिंदी सिनेमांतले खलनायक आहेत. नायकांची मला कधीच ओढ वाटली नाही. शेवटी जिंकणार हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं त्याचं कौतुक ते काय करायचं? माझे सगळे हरणारे आहेत. जिन्यावर उभा राहून हातमोजे काढणारा आहे, मांजर कुरवाळणारा आहे, आणि सर्वांत मोठ्या चौकटीत पांढऱ्या बुटांतला आहे, ज्याच्यासाठी मी आणि माझी भावजय सुधा एकच सिनेमा पुन्हा पुन्हा दुपारच्या खेळाला बघायचो आणि घरी भाजी आणायला गेलो होतो असं सांगायचो. एकदा दाल बाज़ारातले एक अशील भिंतीकडे बघत म्हणाले, “वकील साहिबा, ये सब आपके रिश्तेदार हैं?” मी म्हटलं, “जी हाँ, मायके वाले.” त्यांनी नमस्कार केला.

टेबलावर काच आहे, काचेखाली सिनेमाची जुनी तिकिटं. मेळ्यातून आणलेली कवटीच्या आकाराची रक्षापात्रं दोन. विडी मी ओढत नाही, त्यांत टाचण्या असतात. हिरव्या काचेचा दिवा. आणि तीन भिंती भरून रहस्यकथा, मराठी जास्त, हिंदी कमी, पाठकोरे कागद घालून शिवलेल्या, कारण मूळ बांधणी दोन वाचनांतच सुटते. यांतली एक सध्या उशाशी आहे. चाळीसेक पानं उरली आहेत.

कलम तिसरं. हे कलम माझ्या वडिलांविषयी आहे. मृत्युपत्रात त्याची गरज नाही, पण ते वाचल्याशिवाय चौथं कलम कळणार नाही.

बाबा बिड़ला नगरच्या गिरणीत नोकरीला होते. त्यांचं खरं प्रेम सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्यांवर, थिएटराच्या दाराशी विकायच्या त्या पातळ चोपड्या. वरच्या मजल्यावर त्यांची एक खोलीच त्यांनी भरलेली होती. बाबा गेले. दहाव्याला पिंड मांडला तर कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. एकेकाने बाबांची इच्छा काय राहिली असेल ते आठवून कबूल करून पाहिलं, श्राद्ध करू, ताईकडे लक्ष देऊ वगैरे. कावळे झाडावर बसून होते. शेवटी यशोधनने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “बाबा, तुमच्या खोलीला हात लावणार नाही.” कावळा उतरला. मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या दिवाळीच्या रंगकामाआधी ती खोली रिकामी झाली. मी कोर्टाच्या कामाने भोपाळला होते. परतल्यावर वाण्याकडून जिरं आणलं, पुडी सोडली, आणि कागद बाबांच्या चोपडीचा होता. वर त्यांच्या अक्षरात तारीख आणि थिएटराचं नाव. त्या दिवसापासून यशोधनशी माझं बोलणं नाही. जे काय सांगायचं ते त्याची मुलगी अवंतिका हिच्यामार्फत. बाबा कावळ्याच्या साक्षीवर विसंबले. मी दोन माणसांच्या सह्यांवर विसंबणार आहे.

कलम चौथं. पुढची खोली तिच्यातल्या सर्व वस्तूंसह माझे व्यवसायबंधू आणि कायमचे विरोधी पक्षाचे वकील श्री. जगदेवराव भोइटे यांना मिळावी. ते माझे स्नेही नाहीत. माझ्याकडून रहस्यकथा वाचायला नेऊन पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून परत करणारा माणूस स्नेही कसा असेल? पण ते पुस्तक रद्दीत घालणार नाहीत, आणि या घरात रोज येऊन बसतील, म्हणजे यशोधनला रोज त्यांचं तोंड बघावं लागेल. हा माझा हेतू आहे आणि तो मी लपवत नाही.

कारण असं. काल माझ्या गैरहजेरीत यशोधन, त्याच्या ओळखीचा एक गृहस्थ आणि टेप घेतलेला एक माणूस खोलीत आले होते, हे शेजारच्या मंजिरीने खिडकीतून पाहिलं. दाराची रुंदीही मोजली म्हणे. त्याचा तो ओळखीचा दुकानगाळ्यांचे व्यवहार करतो. फरशीवरचा चौकोन लांबट आहे. माझ्या पुस्तकांत मेलेल्या माणसाभोवती खडूची रेघ ओढतात. माझ्याभोवती मी जिवंत असतानाच ओढली. काल त्या चौकोनाकडे बघत मी उपाशी झोपले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध पडलेली असताना इथे पांढऱ्या बुटांवाला भिंतीवरून उतरत असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

कलम पाचवं. बँकेतली ठेव रुग्णालयाचं देणं भागवून अवंतिकाला. तिच्या लग्नात ती उडवू नये.

इथपर्यंत लिहून झालं आणि पुन्हा कडी वाजली. या वेळी चौकातून सुधाचा आवाजही आला. सुधा गेल्या दोन हिवाळ्यांपासून वरच आहे. कमरेचं हाड मोडल्यापासून तिला जिना उतरता येत नाही, आणि मला डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे. चौकाच्या वर लोखंडी जाळी आहे, तिच्यातून आम्ही रोज संध्याकाळी सिनेमांवरून भांडतो. ती वरून ओरडली, “वन्सं, दार उघडा हो. अवंतिका चहा घेऊन उभी आहे, पोरीचे हात भाजतील.”

उघडलं. अवंतिकाने टेबलावरचा कागद पाहिला, आणि परवानगी न घेता चौथं कलम वाचलं. पुढचं जसं बोललं गेलं तसं लिहिते.

“आत्या, तू पागल आहे क्या? दुकान कशाचं? ते आईच्या पलंगाचं नाप आहे.”

मी म्हटलं, कसला पलंग?

“आईचा! बाबा बढईला, त्या टेपवाल्याला, घेऊन आले होते, पलंग आणि चाकांची खुर्ची इथून निकलते का बघायला. ते दुकानवाले अंकलजी तर नुसते साथ आले. तू ऑपरेशन करून घरी आली की आईला तुझ्याजवळ राहायचं आहे. आई खाली आली तर पुन्हा वर कोण नेणार तिला? खाली ऊन येतं ती एकच खोली आहे ना.”

“मग मला विचारायला जीभ झडली होती का तुझ्या बापाची?”

“तू बोलते कुठे त्यांच्याशी? आणि आईने कसम दिली होती सगळ्यांना. ऑपरेशनच्या आधी वन्संना एक अक्षर सांगायचं नाही, त्यांना वाटेल आपण त्यांच्या जाण्याची वाट बघतोय. आता तुला तेच वाटलं ना?”

मी खाली बसले. चौकोनाकडे पाहिलं. माणूस झोपेल एवढा लांब आणि कूस बदलेल एवढा रुंद. एवढ्या जागेत दुकान कोण काढतं? हयातभर रहस्यकथा वाचल्या आणि माझ्याच फरशीवरचा पुरावा मला वाचता आला नाही. जगदेवरावांना हे कळलं तर पहिल्या पानावर लिहितील.

चौकात गेले आणि वर बघून विचारलं, “सुधा, माझ्या खलनायकांच्या खोलीत झोप लागेल का तुला?”

 मग जाळीला तिची बोटं दिसली. “पांढऱ्या बुटांवाला माझ्या बाजूला असला तर लागेल.” तिचा आवाज नीट नव्हता. माझाही नव्हता, पण मी वकील आहे, मला तो लपवता येतो.

कलम सहावं. कलम चार रद्द. त्यावर एकच आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता यावं म्हणून, आणि बाजूला साक्षीदारांच्या सह्या घेणार आहे. पुढची खोली माझ्यामागे माझी भावजय सौ. सुधा यशोधन खळदकर हिची. तिच्या पतीची नव्हे, तिची. भिंती, पुस्तकं, काच, दिवा आणि कवट्या जिथल्या तिथे राहतील. फक्त टेबल दोन हात सरकवावं, म्हणजे चौकोन मोकळा होईल.

आणि या कलमाची अंमलबजावणी माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. हे मृत्युपत्रात बसत नाही हे मला कोणी शिकवू नये. उद्या रविवारी सकाळी चार माणसांनी सुधाला खुर्चीत बसवून खाली आणावं. मला तिला या खोलीत बघून रुग्णालयात जायचं आहे.

कलम सातवं. यशोधनला मी माफ केलेलं नाही. बाबांच्या खोलीचा मामला वेगळा आणि तो मिटलेला नाही. न विचारता कुलूप उघडून माझ्या खोलीत शिरल्याचाही राग आहे. मात्र उद्या खुर्चीच्या पुढच्या बाजूला तो असावा. जिन्याची तिसरी पायरी खचलेली आहे, ती त्यालाच नीट माहीत आहे. हे मी त्याला स्वतः सांगेन, अवंतिकामार्फत नाही.

कलम आठवं. जगदेवरावांना मी सकाळीच निरोप धाडला होता, चौथ्या कलमाची संमती घ्यायला. ते आत्ता आले, कोट घालून, आणि मागोमाग माझी सहायक गरिमाही. रेघ मारलेलं कलम वाचून म्हणाले, “सुनंदाबाई, बोलावलं मालक करायला आणि बसवलं साक्षीदार करून?” मी म्हटलं, आता तुम्हाला काही मिळत नाही, म्हणून तुमची साक्ष चालेल. त्यांनी पेन मागितलं. मग उशाशी ठेवलेलं पुस्तक उचलून खूण कुठे आहे ते पाहिलं. हे पुस्तक त्यांनी वाचलेलं आहे. पहिलं पान कोरं होतं. पुस्तक हातात धरूनच ते हळूच म्हणाले, “सांगून टाकू का? सोमवारी काही कमी-जास्त झालं तर...”

मी म्हटलं, तोंड उघडलंत तर चौथं कलम पुन्हा घालीन, रोज यशोधनचं तोंड बघत बसाल.

ते हसले, आणि खूण न हलवता त्यांनी पुस्तक परत उशाशी ठेवलं. मला भीती वाटते, हे इथे सरळ लिहून ठेवते. मला ती चाळीस पानं वाचायची आहेत, आणि ती मी आज मुद्दाम वाचणार नाही.

कलम नववं आणि शेवटचं. मी परतले नाही तर दहाव्याला पिंड मांडला जाईल आणि कदाचित कावळा येणार नाही. तेव्हा कोणीही अंदाज बांधत बसू नये, आणि यशोधनने हात जोडून कसलंही नवं वचन देऊ नये. त्याने एवढंच सांगावं : ताई, सुधा खाली आहे आणि भिंती आहेत तशाच आहेत. हे खरं असेल तरच बोलावं. खरं नसेल तर गप्प राहावं, आणि पिंड तिथेच सोडून सगळ्यांनी घरी जावं. मी उपाशी राहीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली. दार आता उघडं आहे.

सही : सुनंदा मधुसूदन खळदकर

साक्षीदार :
१. जगदेवराव भोइटे, वकील (खोडलेल्या कलमाशेजारीही सही केली. पेन्सिल बरोबर आणलेली नाही.)
२. गरिमा सक्सेना, वकील, सुनंदाबाईंची सहायक

ठिकाण : पुढची खोली, लष्कर, ग्वाल्हेर
तारीख : ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार