हात मागं बांधून

प्रिय बाई,

आज ऑफिसात माझ्या हाताखाली पहिली शिकाऊ मुलगी आली. धर्माबादकडची, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाची. आल्या आल्या म्हणाली, "म्याडम, मला जमंना हे. कॉलेज सोडायचं बघायलेय." तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी आधी तुमचीच आठवण झाली. म्हणून लिहायला बसले.

मीही असंच म्हणाले होते ना? तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही तिघी. लातूर शहरातली मुलगी टाइप करायची, आम्ही जळकोटच्या दोघी मागून बघायचो. वर्षभर मी कीबोर्डला हात म्हणून लावला नव्हता. मग तुम्ही नियमच काढलात, ज्याला येतं त्यानं हात मागं बांधायचे आणि नुसतं तोंडानं सांगायचं. त्या मुलीनं केवढं तोंड फुगवलं होतं!

दुष्काळाच्या उन्हाळ्यात मला तहसीलला टँकरच्या कामावर धाडलंत. बाहेर चहाच्या टपरीवर नवा जिल्हा कुठं व्हावा यावरून वाद, आत मी कॉम्प्युटरवर टँकरच्या फेऱ्यांचा प्रोग्राम लिहीत होते. एक गाव, एक थांबा. साहेब खूश. तुम्ही येऊन बघितलंत आणि विचारलंत,

"तुमच्या गावात टँकर कुठं थांबतो ग?"

"मारुतीच्या पारापाशी."

"आणि तुझी आई पाणी कुठं भरते?"

आमची वस्ती, भीमनगर, ओढ्यापलीकडं. टँकर पारापाशीच रिकामा व्हायचा. जन्मापासून बघत आलेली गोष्ट, पण लिहिताना मलाच सुचली नव्हती. तुम्ही हात मागं बांधून उभ्या राहिलात. वस्त्यांचे थांबे मीच वेगळे टाकले.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला, "आगं, टँकर हिकडं आलाय. लई पाणी हाय." त्यानंतर कॉलेज सोडायचं नाव मी काढलं नाही.

एक राग आहे तुमच्यावर. आजार लपवलात. "जरा अशक्तपणा आहे," म्हणत राहिलात, आणि नोकरीचे पेढे मला तुमच्या फोटोपुढं ठेवावे लागले. असं करतं का कुणी?

आज काय झालं सांगू? त्या मुलीला शिकवायच्या नादात दिवसभर मीच टाइप करत बसले. ती मागून बघत होती. घरी आल्यावर लक्षात आलं आणि जेवण गोड लागेना.

उद्या ती येईल का? आली तर माझ्या खुर्चीत बसवीन. तिच्या गावात काय अडतं ते आधी विचारीन. ती चुकेल, माझी बोटं शिवशिवतील. पण शब्द देते बाई, हात मागंच राहतील.

तुमची,
सुजाता