टीव्ही फक्त सात ते आठ

३ जून
आज आणलं: दूध अर्धा लिटर, सोळा. साबणाच्या दोन वड्या, बावीस. रिमोटचे सेल, चौदा — एवढ्यातच पुन्हा. केबलवाला दीडशे घेऊन गेला, वर पाणी पिऊन गेला. म्हणाला, "काका पैसे पुरेपूर वसूल करतात हं काकू. गल्लीत पहिला नंबर."

यांनी मान वळवली नाही. सकाळी डोळे उघडले की टीव्ही. ताट टीव्हीपुढे. दुपारी कालचाच भाग परत दाखवतात, तोही. आवाज इतका की शेजारच्या शिंपीणबाई मशीनवर बसल्या बसल्या मालिका ऐकतात, आणि एखादं वाक्य निसटलं तर मला विचारायला येतात.

यांचा जन्म पंपहाऊसवर गेला. घरघरीची सवय, म्हणून आवाज मोठा लागतो, हे मला कळतं. पण निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता दोघं बसू, बोलू. आधी यांच्या कामाच्या पाळ्या, मग मुलगी, मग तिचं लग्न. बोलायचं राहूनच गेलं. आता किती दिवस उरलेत? मला फार नको. दिवसातून चार वाक्यं हवीत, जी मालिकेतली नाहीत.

आज देवापुढे बसून नेम केला. टीव्ही फक्त सात ते आठ. यांना उद्या सांगेन.

४ जून
सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि आवाज वाढवला.

७ जून
रिमोट देवघरात ठेवला. देवाजवळच्या वस्तूला हे आंघोळीशिवाय हात लावत नाहीत, एवढं मला माहीत. तर पहाटेच आंघोळ करून आले, नमस्कार केला आणि रिमोट घेऊन गेले. देवालाही हसू आलं असेल. मला नाही आलं.

८ जून
शिंपीणबाईंच्या फोनवरून मुलीशी बोलले. "आई, बघू दे ना त्यांना. तुला बोलायला माणूस हवंय, त्यांना नकोय." खरं असेल. पण असं तोंडावर बोलायचं? फोन ठेवल्यावर शिंपीणबाईंनी चहा विचारला, घेतला नाही. तशीच घरी आले.

१३ जून
केबलवाल्याला सांगून वायर काढायला लावली. संध्याकाळी तासभर जोडायची, ती कशी ते मला शिकवून गेला. "काका मला शिव्या देतील, काकू." मी म्हटलं, मला देऊ देत, मला सवय आहे.

घर एकदम गप्प. हे दचकून उठले. "पंप बंद पडला का गं?" म्हणत मेन स्विचपाशी गेले, बोट लावून बघितलं. मला हसू फुटलं. पुष्कळ दिवसांनी यांनी काही थट्टा केली.

१७ जून
काही उपयोग नाही. बंद टीव्हीसमोर बसून राहतात. मी समोर बसले. पावसापाण्याचं बोलले, मुलीचं बोलले. "हो का," एवढंच. सात वाजता वायर जोडली तर कालचाच भाग होता. तरी सुनेला घराबाहेर काढलं तिथे हे खुर्चीतून पुढे सरकले. "बघ, बघ, आता काढतोय तिला!" काल त्याच जागी, तेच शब्द. शिळं ताजं म्हणून बघतात. टीव्हीने डोक्याचा भुगा केलाय अगदी.

२२ जून
आज नवल झालं. चहा दिला, तर कप हातात घेऊन म्हणाले, "छान झालाय. तुम्ही घेतलात?"

तुम्ही! लग्न झाल्यापासून "अगं" शिवाय हाक नाही. रागावले तर "ए". मी इकडे तिकडे बघितलं, कोणी आलंय का. कोणी नव्हतं. मलाच म्हणाले. "घेते," म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी लावत बसले.

२४ जून
शिंपीणबाईंना सांगितल्यावाचून राहवलं नाही. "या वयात अहो-जाहो? आमच्याकडे अजून 'ए' वरच गाडी अडलीय. मीही टीव्हीची वायर काढते बाई." खूप हसलो दोघी. खरं सांगायचं तर लाजले मी.

ताट स्वतः उचलून मोरीत ठेवतात. मी खोलीत गेले की उठून उभे राहतात, खुर्ची देतात. "बसा ना. सकाळपासून उभ्या आहात." मी देवापुढे जास्त वेळ बसले. मागितलं ते मिळालं. एवढ्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.

२८ जून
पण बोलणं पुढे सरकत नाही. विचारतात ते सगळं पाहुण्याला विचारावं तसं. "आपलं गाव कोणतं? मुलंबाळं?" मी म्हटलं, पुरे झाली चेष्टा. तर ओशाळले. "चुकलं असेल तर राग मानू नका."

मला राग नाही आला. कसंसंच झालं.

३० जून
झोपायला आत येत नाहीत. बाहेर खुर्चीवरच मान टाकतात. म्हटलं, आत या, पाठ दुखेल. म्हणाले, "नको, बरं दिसत नाही."

टीव्हीचा राग काढतायत. काढू देत. मी नेम मोडणार नाही.

२ जुलै
लिहायला नको वाटतंय. पण सगळं लिहिते, तर हेही लिहायला हवं.

जेवण झाल्यावर हळूच म्हणाले, "बाई, एक बोलू का? तुमचं काम फार चोख आहे. पण पगाराचं मला विचारू नका हं. हिशोब आमची मंडळी बघतात. माहेरी गेलीय, आली की देईल."

मी खाली बघून खरकटं काढत राहिले. त्यांना वाटलं, पैशामुळे मला राग आलाय. मग समजूत घालायला लागले. "ती चांगली आहे हो. कोणाचं ठेवत नाही. आणि ती असती तर हा टीव्हीही चालू असता. मला कधी नाही म्हणाली नाही ती."

मग म्हणाले, "या खेपेला पत्रसुद्धा नाही तिचं. एरवी पोचल्या पोचल्या टाकते."

माहेर! आई जाऊन किती वर्षं झाली, भावाने ते घरही विकलं.

३ जुलै
डॉक्टर म्हणाले, हे विसरणं टीव्हीमुळे झालेलं नाही, आणि बंद केल्यामुळेही नाही. आधीपासून चालू असणार. "टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही ना आजी, म्हणून लक्षात आलं नसेल." गोळ्या दिल्या. बरं होईल का विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पथ्य सांगायला लागले.

येताना रस्त्यात यांनी माझी पिशवी घेतली. "द्या इकडे, जड असेल." लोकांना वाटलं असेल, काय जपतात बायकोला.

४ जुलै
वायर जोडून टाकली. सकाळपासून चालू आहे, आवाज होता तेवढाच. नेम मोडला म्हणून देवापुढे क्षमा मागायला बसले. शिंपीणबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "आला का हो टीव्ही घरी?"

दुपारभर शेजारी बसून बघितलं. मध्येच मला म्हणाले, "पोस्टमन येऊन गेला का?" थोड्या वेळाने परत.

६ जुलै
पोस्टात जाऊन कार्ड आणलं. माहेरून लिहिल्यासारखं लिहून यांना टाकलं. कोपऱ्यावरच्या पेटीत, म्हणजे पोस्टमनच्या हातूनच मिळेल. मजकूर उतरवून ठेवते:

सा. न. वि. वि. मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी. यायला अजून वेळ लागेल. घरी ज्या बाई आहेत त्यांना मीच ठेवलं आहे, पगाराचं मी बघेन. त्या वाढतील ते पोटभर जेवावं, आणि जेवताना टीव्ही बंद करून त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, त्यांना दुसरं कोणी नाही. खुर्चीवर झोपू नये. आपल्या तब्येतीचं उलट टपाली कळवावं, मी वाट बघते.