कारखान्याला दिवाळीची सुट्टी

१० जून १९९६, कडोदरा
एकदाचा सुरतेत संसार थाटला! भुसावळ पॅसेंजरमध्ये लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन आले, थेंब सांडला नाही. खोली छोटी, कारखान्याला लागूनच; मागांचा खडखडाट रात्रंदिवस, पण खिडकी आहे. हे यंत्रमागावर, मला त्याच कारखान्यात बॉबिनवर सूत भरायचं काम मिळतंय. दहावी पास बायको रोजनिशी लिहिते म्हणून हे हसतात. हसू देत. तिसरा महिना लागलाय.

२ जुलै
मला रात्रपाळी! कायद्याने बायकांना रात्री ठेवता येत नाही, म्हणून हजेरीपटावर माझं नाव नाही, आणि शेठ बाहेरून कुलूप घालतो. दिवसपाळी मागितली तर म्हणाला, गावी जा. ह्यांनी मला न विचारताच मान डोलावली. डोकं फिरलं माझं.

१८ ऑगस्ट
शेजारच्या पुष्पाबाईही पोटुशा असताना रात्रपाळीतच होत्या. त्यांचा मुलगा आठ महिन्यांचा, हाडकुळा. दिवसभर निपचित. रात्री कामावर येताना कारखान्यात आणला की डोळे टक्क उघडे, रडणं नाही, नुसती मागाच्या ठेक्यावर मान हलवतो. डॉक्टर म्हणतात टॉनिक द्या. टॉनिक!
“तुनं बी असंच व्हई,” पुष्पाबाई म्हणाल्या. असा राग आला त्यांचा!

२५ सप्टेंबर
रात्रपाळीत वीज गेली, सगळे माग थांबले. पुष्पाबाईंच्या मुलाचा श्वासही थांबला. ओठ निळे. पाणी मारलं, हलवलं, काही नाही. वीज आली, माग खडखडले, तेव्हा त्याने श्वास घेतला.
तेवढा वेळ माझं बाळही हललं नव्हतं.

२७ सप्टेंबर
शेठला सांगितलं. बाईमाणसाचे भास म्हणाला. माझा नवरा, हेमराजही हसला. भरलेली बॉबिन फेकली दोघांच्या अंगावर. माझं बाळ, आणि मालक हे दोघे!
गावी जावं, तर तिथे माग कुठला —

३० ऑक्टोबर
दिवाळीला कारखाना बंद होणार. सगळे खुशीत. हेमराजने गावची तिकिटं काढली. मी रडले, ओरडले, पाया पडले. म्हणतो, आईकडे गेलीस की बरं वाटेल.

८ नोव्हेंबर, पहाट
एकेक माग बंद करताहेत. शेवटचा उरलाय. मी बटणापुढे पहार घेऊन बसलेय. पुष्पाबाई मुलाला घेऊन शेजारी. शेठ पोलिसांना बोलावतो म्हणे. बोलाव! कागदावर मी इथे नाहीच —
बाळ हलतंय. ठेक्यात. हल राजा —
हेमराज कुठे गेला? — खिडकीतून दिसतोय — विजेच्या खांबावर चढतोय — फ्यूज काढायला —
हेमराज, नको — तुझंच आहे रे ते — तुझं —