एकटीने दिलेलं उत्तर

बाई, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तिच्यावर जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको.

तुमचं घाटकोपरचं स्वयंपाकघर. दर शनिवारी सकाळी आम्ही दोघी, तुमच्या विद्यार्थिनी, आठवडाभर भरलेले पाहणीचे फॉर्म घेऊन यायचो. मी मुलुंडहून, ती गोवंडीहून. मला तुम्ही खुर्चीत बसवायचात आणि पोहे वाढायचात. तिला म्हणायचात, "ये गं, कांदा चिर." म्हणजे मी पाहुणी आणि ती घरची! पोहे झकास असायचे, पण माझ्या घशाखाली उतरायचे नाहीत. तेवीस वर्षांची घोडी मी, आणि हेवा कोणाचा, तर कांदा चिरणारीचा.

पाहणी रेशनची होती. सरकारने धान्य द्यावं की तेवढे पैसे थेट खात्यात टाकावेत, तुम्हाला काय हवं? आणि शेवटी, एक ते दहात सांगा, तुम्ही किती समाधानी आहात. गोवंडीच्या गल्ल्यांत मी एका दिवसात वीस घरं उरकायचे. एकही रकाना रिकामा नाही. तिची होतात सहा-सात, तीही अर्धवट. समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'नवरा समोर बसला होता. बाईला एकटं गाठून पुन्हा विचारायचं.' तुम्ही चष्मा वर करून माझा गठ्ठा चाळता आणि बाजूला ठेवता. "अक्षर सुंदर आहे हो तुझं," म्हणता. मग तिचा एक फॉर्म उचलून माझ्यापुढे आपटता. "तुझ्या वीसही घरांत उत्तर पुरुषांनी दिलंय. बायका काय मुक्या होत्या? निवड कोणाची मोजतेस तू?" तिच्यादेखत बोललात. ती खाली मान घालून कोथिंबीर निवडत होती, आणि मला तिचाच राग आला, तुमचा नाही.

पुढे मी मोठी झाले. अंधेरीत ऑफिस, स्वतःची केबिन, सरकारी समित्या. लोकांच्या हातात पैसेच द्या, आपलं भलं कशात आहे ते माणूस स्वतः निवडतो, हे मी इतक्या ठिकाणी मांडलंय की आता ते माझ्याच नावाने ओळखलं जातं. गेल्या महिन्यात एका संशोधनाच्या नियतकालिकाकडून एक पेपर, छापावा की नाही ते ठरवण्यासाठी, तपासायला आला. तुमच्या वेळी टपालाने यायचे, आता ईमेलवर येतात. लेखकाचं नाव झाकलेलं, परीक्षकाचंही. पण दुसऱ्याच पानावर तक्ता होता. एका बाजूला घरच्यांसमोर दिलेलं उत्तर, दुसऱ्या बाजूला एकटीने दिलेलं. नाव कशाला हवं? घरच्यांसमोर पैसे म्हणणाऱ्या कितीतरी बायका एकट्या असताना धान्य मागत होत्या. धान्य घरात येतं आणि शिजतं, पैसे कोणाच्या खिशात जातात ते त्यांना ठाऊक. माझ्या सगळ्या कामाची वाट लावणारा तक्ता. मी चार वेळा वाचला, चूक शोधत. सापडली नाही. मग लिहिलं, 'नमुना तोकडा, पद्धत ढिसाळ, छापू नये.' आणि पाठवून दिलं.

काल तिचा फोन. "अगं, माझा पेपर परत आला यार. परीक्षकाने पार सोलून काढलंय. बाई असत्या तर त्यांच्याकडेच गेले असते. आता तुझ्याशिवाय कोणाला विचारू? वाचशील ना?"

मी म्हटलं, पाठव. ती जरा घुटमळली. "खरं सांग हां, तू परीक्षक असतीस तर काय लिहिलं असतंस?"

"तो पाहणीचा पेपर ना? छापा म्हटलं असतं," मी म्हणाले. न वाचता कसं म्हणालीस, हेसुद्धा तिने विचारलं नाही. लगेच विश्वास ठेवला. चक्क रडली फोनवर.

आणि बाई, ते खोटं नव्हतं. पेपर चांगला आहे, माझ्या आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा चांगला. संपादकाला तसं कळवायला पाच मिनिटं लागतील. ते सोडून मी सकाळपासून तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही.