टोपीखालचा चुंबक

१५ सप्टेंबर. सकाळी.
आधी सगळ्यांची तब्येत. सौ. केशरबाई, गुडघे कसे? कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत. पोरगा संघदीप? रात्री घोरतो, म्हणजे बरा. सूनबाई रत्नमाला? सर्दी. डावा हात? मजेत. हे कोंबडीच्या पायासारखं अक्षर त्याचंच. उजवा हात, तू कसा आहेस बाबा? उत्तर नाही. उन्हाळ्यात लकवा झाला, तेव्हापासून साहेब सुट्टीवर.
१४ ऑक्टोबरला धम्मचक्र दिन. जऊळक्याच्या विहारापुढे पंचशील ध्वज दरवर्षी मीच चढवतो, दोन हातांनी दोरी ओढून. शेजारचा राजपाल म्हणे, यंदा मी चढवतो, तुम्ही खुर्चीवर बसा. याला स्वतःच्या पायजम्याची नाडी धड बांधता येत नाही, आणि हा ध्वज चढवणार! यंदाही मीच.

१८ सप्टेंबर.
रेल्वेने अकोला. डोक्याला चुंबकाचे ठोके देणारं मशीन. नाव लांबलचक इंग्रजी, काम नुसतं टकटक. सुतारपक्षी बरा.
हात उजवा, आणि डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं डोक्याच्या डाव्या बाजूला. म्हणे उजव्या हाताची तार डाव्या मेंदूतून निघते. मी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, तेही कोणी न शिकवता. अशी उलटी वायरिंग कोणत्याच कंपनीची पाहिली नाही. बाईमाणूस म्हणून गप्प बसलो.
पण ठोक्यासरशी अंगठा हलला. व्यायाम शिकवणारी वैभवी म्हणे, काका, तो मशीनने हलवला, तुम्ही नाही. अंगठा कोणाचा आहे मग, मशीनचा?

२४ सप्टेंबर.
मशीन झालं की वैभवी एका वाटीतले हरभरे दुसऱ्या वाटीत टाकायला लावते. मशीन फक्त मेंदूला जागं करतं म्हणे, काम हातालाच शिकवावं लागतं. घरीही रोज करा म्हणे.
केसाएवढ्या तारा जोडणाऱ्या माणसाला हरभरे! बालवाडी लावली आहे. घरी आल्यावर हरभरे केशरबाईकडे दिले. उसळ छान झाली. वैभवीला फोनवर सांगितलं, हरभरे संपले. यात खोटं काही नाही.

१ ऑक्टोबर.
विचार केला. मशीन म्हणजे शेवटी चुंबकच. मग अकोला कशाला? विहाराचा भोंगा माझ्याच घरी असतो, त्याच्यात चांगला जाड चुंबक. पायात धरून डाव्या हाताने उघडला. चुंबक आता टोपीखाली, उजव्या बाजूला. म्हणजे योग्य बाजूला.
भोंगा परत जोडायला दोन हात लागतात. पण १४ तारखेपर्यंत दुसरा येतोच.
अकोला बंद. घरी सांगितलं, डॉक्टर रजेवर.

६ ऑक्टोबर.
मान भयंकर दुखते. म्हणजे असर सुरू. केशरबाईने विचारलं, झोपतानाही टोपी काहून? थंडी वाजते म्हटलं. तिने फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अडाणी बाई.

१३ ऑक्टोबर.
हात अजून आला नाही. ऐनवेळी येईल. मोठे पाहुणे उशिराच येतात.
भोंगा जुळला नाही. वरून टेप गुंडाळून राजपालकडे दिला. त्याला काय कळतं?

१४ ऑक्टोबर. संध्याकाळी.
माइकवर राजपाल माझं नाव घेत होता. भोंगा मुका. त्याने टेप सोडली, आत रिकामं. मी म्हणालो, हल्ली विहारातही चोऱ्या होतात. केशरबाई उठली, माझी टोपी काढली. चुंबक पायाशी पडला. कोणी हसलं असतं तर बरं होतं.
तरी मी दोरीपाशी गेलोच. डाव्या हाताने ओढली. ध्वज अर्ध्यावर अडकला. वर ओढायचं तर आधी हात सोडावा लागे, सोडला की ध्वज खाली. उजव्याला मनातल्या मनात हाका मारल्या. तो शर्टाला लटकून राहिला.
राजपाल येऊन माझ्या उजव्या अंगाला उभा राहिला. हळूच म्हणाला, "दादा, तुमी ओढा. तुमचा उजवा हात मी हावो."
मी ओढला की तो धरे. ध्वज वर गेला. नाडीबद्दल जे लिहिलं ते खोडायला हवं. डाव्या हाताने नीट खोडताही येत नाही.
घरी आलो तर केशरबाईने वाटीत हरभरे ठेवलेले. "आता हे मी शिजवत नाई," म्हणाली.
बसलो. उजवा हात वाटीत, बराच वेळ. एक हरभरा हलला. पंखा चालू होता. बंद केला. मग नाही हलला.
उद्या सकाळच्या गाडीने अकोला.
उजव्या हातास कळवणे की, इकडे सगळे बरे आहेत, तुझीच काळजी आहे. वाटी खिडकीत ठेवली आहे. मोठं काही नको, एक ओळ पुरे. उत्तर लवकर लिही.