तेरा तुकडे आणि एक चौकट

कर्वेनगर, पुणे
गुरुवार, १२ जानेवारी १९८४

ती. सरोजिनीताईस,

दीनानाथचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? साताऱ्याची थंडी त्याला मानवत नाही, तेव्हा जिने चढू नकोस असे मी लिहायचे आणि तू चढायचे, हा आपला रिवाज चालू दे. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे हेमा खुशाल आहे. मी हे पत्र लिहायला चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो.

कारण एक कोडे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून (चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला हे कोणाच्या लक्षातही येत नाही) हात नुसते शिवशिवतात. म्हणून दिवाळीनंतर प्लायवुडचा एक चौरस घेतला, करवतीने त्याचे तेरा वाकडेतिकडे तुकडे केले, भोवती चौकट ठोकली आणि सगळे सोसायटीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले. तेरा तुकडे चौकटीत बसवायचे, बस्स. वाटले, लोक गर्दी करतील.

केली, पण सल्ला द्यायला. पहिल्या मजल्यावरच्या दिगंबरपंतांनी (निवृत्त हेडक्लार्क, अजून मनाने कचेरीतच) हात न लावता विचारले, "एक तुकडा कमी आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच?" मी तेरा मोजून दाखवले. तर म्हणाले, "मग एक जास्त आहे." संपतराव बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी बारा बसवले, तेरावा माझ्या हातात ठेवला आणि "हा उरतोच" म्हणून चालते झाले. आमच्या रेडिओचा आवाज का बसला ते मला तेव्हा कळले. आप्पासाहेबांनी तर कळस केला. ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे, तेच हे. तासभर खटपट केल्यावर त्यांनी घरून कानस आणली आणि एक तुकडा घासायला घेतला. मी ओरडलो, तर म्हणाले, "मास्तर, बसत न्हाय म्हंजी काय? आमी उभ्या जन्मात बांध असाच सरकवलाय." तुकडा गुळगुळीत झाला, बसला मात्र नाही.

शेवटी दिगंबरपंतांनी सर्वांदेखत विचारले, "आपल्याला तरी येते का हे?" आणि माझी जीभ (तिला तू लहानपणापासून ओळखतेस) म्हणाली, "पाच मिनिटांत! बावीस तारखेला, वर्धापनदिनी, सगळ्यांसमोर!" त्यांनी ते लगेच सोसायटीच्या फळ्यावर लिहिलेसुद्धा. तेव्हापासून कोडे घरी टेबलावर पसरले आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. बसलो की उठावेसे वाटते, उठलो की कुठे जावे कळत नाही. हेमा म्हणाली, "मी बघू का एकदा?" मी म्हटले, "हे भाजी निवडण्याइतके सोपे नाही."

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
दीनानाथ

ता. क. : खरे कारण लिहायचे राहिले. मला ते कोडे येत नाही. तुकडे कापण्याआधी एका कागदावर नकाशा काढला होता. हेमाने त्याच कागदात मेतकुटाची पुडी बांधून तुझ्या श्रीधरबरोबर साताऱ्याला धाडली. कागद मेतकुटाने माखला असला तरी चालेल. उलटटपाली पाठव.

दुसरा ता. क. : कागद शोधू नकोस. मी पोस्टाचे तिकीट आणायला गेलो, तेवढ्यात हेमाने तेराही तुकडे चौकटीत बसवून ठेवले. म्हणाली, "टेबल पुसायचं होतं, म्हणून पसारा आवरला." (तीस वर्षे ती एवढ्याशा कपाटात सगळा संसार बसवते आहे, हे मी कधी पाहिलेच नव्हते.) मी इतका हरखलो की, कसे बसवले ते बघायला सगळे ओतून काढले. आता म्हणते, "पुन्हा नाही आवरणार. फळ्यावरचं तुमचं नाव पुसा, माझं लिहा, मग बघू."

तिसरा ता. क. : लिहून आलो. चांगल्या ठळक, वळणदार अक्षरात. दिगंबरपंत म्हणाले, "मग त्या दिवशी आपण काय करणार?" म्हटले, "भाजी निवडणार." कागद मात्र शोधच. कोडे मी केले आहे, ताई. एकदा तरी मला यायला हवे.