भोंग्याला दिलेलं नाव

१२ फेब्रुवारी २०२५

मी मोबाईलवर झळकलो! म्हणजे मी नाही, माझं दुःख. शाळेच्या विज्ञान क्लबला वीज पडण्याआधी इशारा देणारं यंत्र बनवायचं आहे. उमेंद्र सरांनी इंटरनेटवर लोकांपुढे हात पसरला. वर चेतनाच्या आईचा फोटो. खाली — ‘भाताचा रोवणा करताना वीज पडून गेलेल्या सुमित्राबाईंच्या स्मरणार्थ.’ मजकूर चेतनाचा, माझ्या लेकीचा. नववीतली पोर, आईवर चार ओळी लिहिते आणि देश वाचतो. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो, हे तिला ठाऊक आहे.

फोटो लग्नातला. कापला आहे. माझा खांदा तेवढा उरला.

१६ फेब्रुवारी

बंगळूरच्या कोणीतरी लिहिलंय — ‘सुमित्रा आंटी, वी मिस यू.’ बरोबर रडके चेहरे.

लग्नापासून मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे मारत नाहीत. आधी ‘अगं’, मग ‘चेतनाची आई’. तीही मला तशीच. आता अख्खं बंगळूर नावानं बोलावतं. घरात मात्र आम्ही दोघं बाप-लेक तिचा विषय टाळतो.

३ एप्रिल

यंत्राचं खोकं आलं. क्लबची पोरं शाळेच्या व्हरांड्यात उघडायला बसली. तार कमी, एक पट्टी उलटी बसवलेली. स्टिकर मात्र भरपूर! कंपनीच्या नावाचे. चेतनानं एक माझ्या सायकलवर लावला. राईस मिलमध्ये शेठनं विचारलं, ‘मुनीमजी, नया धंदा?’

बॅटरी नाही. उमेंद्र सर म्हणाले, ‘टेन्शन मत लो काका. जेवढे पैसे मागितले तेवढे जमले नाहीत ना, म्हणून बॅटरी दुसऱ्या टप्प्यात येईल.’

२८ जून

उद्घाटन. पाहुणे उशिरा आले, लवकर गेले. यंत्र आमच्या स्लॅबवर बसवलं — गावातून शेताला सगळ्यात जवळ आमचंच घर. वर गणपती मंडळाचा जुना भोंगा. वीज जवळ आली की यंत्राला कळणार, भोंगा ओरडणार, भाताच्या बांधीतल्या बाया घरी येणार. कागदावर फार सोपं.

भर उन्हात वीज कुठून आणायची? सरांनी यंत्राच्या डब्याजवळ गॅसचा लायटर खटकन दाबला. त्याच्या ठिणगीला डबा फसला — भोंगा किंचाळला, टाळ्या वाजल्या! तिला नेणारी वीज आणि चहाचा लायटर, यंत्राला दोन्ही सारखेच.

डब्यावर ठळक अक्षरात नाव — सुमित्रा.

३० जून

शेजारच्या अनुसयाबाईनं चहा मांडला, भोंगा वाजला. मिक्सर लावला, वाजला. संध्याकाळी ती कुंपणावरून ओरडली, ‘काऊन मुनीमजी, सुमित्रा कायले बोंबलून राहिली? मी चायच त मांडला!’

मग स्वतःच जीभ चावली.

जिवंतपणी चेतनाची आई दिवसभरात एवढी बोलत नव्हती.

४ जुलै

रोवणे सुरू. अनुसयाबाईची बायांची टोळी गुत्त्यावर काम घेते — एकराचा भाव ठरलेला, जितकं लवकर उरकेल तितकं त्यांचं भलं. भोंगा वाजला तरी बांधीतून एक बाई हलली नाही. ‘आमचा गुत्ता हाये, रोजी नाई! घडीघडी निघालो त रोवणा कधी व्हईल?’

चेतना जेवली नाही. डबा काढून घराच्या पार टोकाला, स्वयंपाकघरांपासून लांब बांधून आली. पोरीला अजून वाटतं, जागा चुकली होती एवढंच.

९ जुलै

वाजला. आभाळ फारसं नव्हतं. बाया हसत हसत, पाय ओढत निघाल्या — पाणी प्यायचंच होतं म्हणून. थोड्या वेळानं तलावाच्या पाळीवर वीज पडली.

चेतना म्हणाली, ‘बघा बाबा, चालतं!’ मी मान हलवली. दुसरं काय करणार?

१२ जुलै

आता डब्याची भक्ती सुरू झाली आहे. कोणीतरी हार घातला! ‘सुमित्रा वाजली का?’ — नाही? मग चला बांधीत. वर ढग काळेकुट्ट, तरी कोणी मान वर करत नाही. डोळ्यांचं होतं ते काम डब्याला दिलं.

एक बारीक अडचण. वारा सुटला की आमच्याकडे सगळ्यात आधी लाईटची लाईन जाते. डबा लाईनवर, भोंगाही लाईनवर. म्हणजे यंत्र फक्त चांगल्या हवेत चालतं.

सरांना सांगितलं. ‘सेकंड फेज, काका.’

चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला आईचं काहीच चालू राहिलेलं नको.’

बॅटरीचं बोलत होतो मी.

१३ जुलै

अनुसयाबाई ताक द्यायला आली. जाताना उंबऱ्यात थांबली. ‘त्या दिवशी मी बलावलं होतं तिले. म्हणे, एवढी ओळ पुरी होऊ दे.’ वर्ष झालं, आज बोलली. मी ताकाचं भांडं रिकामं करून दिलं.

उद्या तिची टोळी आमच्या बांधीत आहे. मिलमधून सुटी घेतली.

१४ जुलै

दुपारी बायांसाठी चहा न्यायला घरी आलो. पंखा थांबला. वर पाहिलं. आभाळ खाली आलेलं, भोंगा मुका.

धावलो. शेताच्या कडेला, धुऱ्यावरून म्हणालो, ‘निघा.’ माझा आवाज तो — सगळ्यात जवळच्या अनुसयाबाईपलीकडे गेला नसेल. तिनं वाकल्या वाकल्या सांगितलं, ‘सुमित्रा त नाई वाजली, मुनीमजी! एवढी ओळ पुरी होऊ द्या.’

मी ओरडलो. ‘निघा’ म्हणायचं होतं. तोंडातून आलं — ‘सुमित्रा! ओळ राहू दे! सुमित्रा, नीघ!’

हातातली पऱ्ही, भाताची रोपं, टाकून सगळ्या उठल्या. माझ्यामागं धावल्या. आमच्या स्लॅबखाली पोचतो न पोचतो तोच वीज पडली. धुऱ्यावरचा पळस उभा फाटला. बांधीत कोणी नव्हतं.

चेतना शाळेतून धावत आली. बाया तिला सांगत होत्या, एकीवर एक — ‘सुमित्रा आयकलं अन् निघालो!’ ती भोंग्याकडे बघून म्हणाली, ‘लाईन तर नव्हती... मग वाजलं कोण?’

मी स्वतःकडे बोट दाखवलं. घसा पार बसला आहे. आवाज दुसऱ्या टप्प्यात येईल.